उपग्रह रेडिओ ग्रहण व परिसर

उपग्रह रेडिओ ग्रहण व परिसर : कृत्रिम उपग्रहावरून प्रसारित केलेले रेडिओ संकेत भूपृष्ठावरील ग्राहीला किती तीव्रतेने मिळतात, हे उपग्रहाची प्रेषणशक्ती, अंतर, तरंगांची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) आणि आकाशकाचा म्हणजे अँटेनाचा प्रकार यांवर अवलंबून असते. यांपैकी बहुतेक गोष्टी एखाद्या प्रदेशापुरत्या जवळजवळ सारख्याच असतात. तरीही एकाच गावातील दोन घरांत, किंबहुना एकाच घराच्या दोन खिडक्यांत, ग्रहणात मोठा फरक पडतो. या फरकाचे कारण ग्राहीच्या निकटच्या परिसरात असते. सु. ३७,००० किमी. चा प्रवास तरंग फारसा अडथळा न येता पार पाडतात आणि अखेरच्या काही मीटरांत इमारत, झाड, कडा वा छप्पर यांनी अडविले जातात. प्रस्तुत नोंदीत कोल्हापूर व त्याच्या भोवतालचा प्रदेश उदाहरणादाखल घेऊन स्थिर आणि चल ग्रहणावर होणाऱ्या या परिणामांचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी : सामान्य श्रोत्याला लहान ग्राहीवर थेट उपग्रहावरून रेडिओ कार्यक्रम ऐकविण्याची सेवा भारतात वर्ल्डस्पेस या कंपनीने सुरू केली. तिचा एशियास्टार हा उपग्रह २१ मार्च २००० रोजी अवकाशात सोडण्यात आला व १०५° पू. रेखांशावर विषुववृत्ताच्या वर भूस्थिर कक्षेत ठेवण्यात आला. त्याचे प्रसारण १,४६७ ते १,४९२ मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यात होई. या तरंगांची लांबी सु. २० सेंमी. असते. तळहाताहून थोडा मोठा चपटा आकाशक उपग्रहाच्या दिशेने रोखून ठेवला की ग्रहण होत असे. ही सेवा भारतात ३१ डिसेंबर २००९ रोजी बंद झाली. त्यानंतर उपग्रहावरून रेडिओ ऐकण्याचे सर्वसामान्य साधन म्हणजे दूरदर्शनची डीडी फ्री डिश ही घरोघरी थेट प्रक्षेपणाची सेवा होय. तीमधून दूरचित्रवाणीबरोबरच आकाशवाणीच्या अनेक वाहिन्या प्रसारित होतात. ती ९३.५° पू. रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून मिळते. तिची कंप्रता ११ गिगॅहर्ट्‌झच्या पुढची, म्हणजे तरंगलांबी सु. २.६ सेंमी. आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये सोडलेला जीसॅट-६ हा उपग्रह ८३° पू. रेखांशावर आहे. हातात धरता येतील अशा लहान साधनांशी संदेशवहन करता यावे म्हणून त्याला ६ मी. व्यासाचा उलगडणारा आकाशक बसविलेला आहे.

उपग्रहांची दिशा : भूस्थिर उपग्रह जमिनीवरून आकाशात एकाच जागी स्थिर भासतो. त्यामुळे त्याची दिशा दोन कोनांनी निश्चित करता येते : उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेला दिगंश आणि क्षितिजापासून वर मोजलेला उन्नतांश. कोल्हापूर (सु. १६.७° उ. अक्षांश व ७४.२° पू. रेखांश) येथून १०५° पू. वरील उपग्रहाचा दिगंश सु. ११६° म्हणजे पूर्व व आग्नेय यांच्या दरम्यान आणि उन्नतांश सु. ५०° येतो. ९३.५° पू. वरील उपग्रहासाठी हे कोन अनुक्रमे सु. १२९° व ६०°, तर ८३° पू. वरील उपग्रहासाठी सु. १५२° व ६८° आहेत. म्हणजे हे तिन्ही उपग्रह पूर्व ते दक्षिण या चतुर्थांशात व आकाशात बरेच वर आहेत.

उन्नतांश जितका अधिक तितकी अडथळ्याची सावली आखूड पडते. १२ मी. उंच इमारतीची रेडिओ सावली १०५° पू. वरील उपग्रहाच्या बाबतीत सु. १० मी., ९३.५° पू. च्या बाबतीत सु. ७ मी. आणि ८३° पू. च्या बाबतीत सु. ५ मी. पर्यंत पोहोचते. ६०° उत्तर अक्षांशावर भूस्थिर उपग्रह जास्तीत जास्त सु. २२° उन्नतांशावर दिसतो आणि तेथे त्याच इमारतीची सावली सु. ३० मी. लांब पडते. महाराष्ट्राचे अक्षांश या दृष्टीने अनुकूल आहेत. अमेरिकेतील सिरियस या सेवेने आरंभी भूस्थिर कक्षा सोडून लंबवर्तुळाकार तिरप्या कक्षांतील उपग्रह वापरले, याचे एक प्रमुख कारण उत्तरेकडील प्रदेशात उपग्रह अधिक उंचावर दिसावेत हे होते.

अंतरामुळे होणारा ऱ्हास : संकेतशक्तीची घट डेसिबेल या एककात मोजतात. ३ डेसिबेल घट म्हणजे शक्ती निम्मी होणे, १० डेसिबेल म्हणजे एक दशांश होणे व २० डेसिबेल म्हणजे एक शतांश होणे. १०५° पू. वरील उपग्रह कोल्हापूरपासून सु. ३७,१०० किमी. अंतरावर येतो. केवळ या अंतरामुळे १.४८ गिगॅहर्ट्‌झच्या संकेतात सु. १८७ डेसिबेल घट होते. ही घट प्रचंड असली, तरी तिच्यात दिवसागणिक वा गावागणिक बदल जवळजवळ होत नाही आणि आराखडा तयार करतानाच ती हिशेबात धरलेली असते. उंच जागी ग्रहण चांगले होते, कारण ती जागा उपग्रहाला जवळ असते, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. पन्हाळगडावर चढल्याने अंतरात पडणारा फरक इतका क्षुल्लक आहे, की त्याचा संकेतावरील परिणाम मोजताही येणार नाही. उंचावरील लाभ हा क्षितिज मोकळे मिळण्याचा असतो.

आयनांबराचा परिणाम : भूपृष्ठापासून सु. ६० किमी. च्या वर वातावरणातील वायू सूर्याच्या प्रारणामुळे अंशतः विद्युत् भारित झालेले असतात [→ आयनांबर]. सूर्यास्तानंतर चुंबकीय विषुववृत्ताजवळील आयनांबराच्या तळाशी विद्युत् भारांची घनता कमी असलेले प्रचंड बुडबुडे तयार होऊन वर चढतात. त्यांच्या कडांवरील अनियमित रचनेतून जाताना रेडिओ संकेताची तीव्रता ताऱ्याच्या लुकलुकण्याप्रमाणे झपाट्याने कमीजास्त होते. भारतात हा परिणाम सूर्यास्तापासून मध्यरात्रीच्या सुमारापर्यंत, मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात आणि सौर डागांचे प्रमाण अधिक असलेल्या वर्षांत विशेष जाणवतो.

कोल्हापूर हे चुंबकीय विषुववृत्ताच्या उत्तरेस, परंतु फार दूर नाही अशा ठिकाणी असल्याने या अभ्यासास सोयीचे आहे. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे रडार केंद्र आहे आणि सु. २५० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या उपग्रह संकेतांतील लुकलुकीची निरीक्षणे कोल्हापूर येथे घेण्यात आली आहेत. हा परिणाम कंप्रता वाढेल तसा वेगाने घटतो. २५० मेगॅहर्ट्‌झला तो तीव्र, १.५ गिगॅहर्ट्‌झला प्रतिकूल रात्री जाणवण्याइतका, तर ११ गिगॅहर्ट्‌झला नगण्य असतो. आयनांबरातून जाताना एका प्रतलात कंप पावणाऱ्या तरंगाचे प्रतलही फिरते. म्हणून या पट्ट्यातील रेडिओ प्रसारणासाठी वर्तुळी ध्रुवण असलेले तरंग वापरतात.

पावसाचा परिणाम : पावसाचे वर्तन याच्या नेमके उलट असते. २० सेंमी. लांबीच्या तरंगापुढे पावसाचा थेंब अतिशय लहान असल्याने १.५ गिगॅहर्ट्‌झच्या संकेताचे क्षीणन मुसळधार पावसातही नगण्य राहते. याउलट ११ गिगॅहर्ट्‌झच्या पुढे थेंबांकडून होणारे शोषण व प्रकीर्णन महत्त्वाचे ठरते. सु. ११.५ गिगॅहर्ट्‌झला ताशी १० मिमी. वेगाने पडणाऱ्या पावसात दर किमी. स सु. ०.३ डेसिबेल, तर ताशी ५० मिमी. वेगाच्या पावसात दर किमी. स २ डेसिबेलहून अधिक क्षीणन होते. या अक्षांशावर पावसाचे थेंब सु. ५ किमी. उंचीपर्यंत आढळत असल्याने तिरप्या मार्गाने येणारा संकेत ५ किमी. पर्यंत पावसातून येऊ शकतो. शिवाय पाऊस स्वतःच सूक्ष्म रेडिओ ऊर्जा उत्सर्जित करतो. त्यामुळे संकेत घटत असतानाच ग्राहीतील विद्युत् गोंगाट वाढतो.

येथे महत्त्व वर्षभरातील एकूण पावसाला नसून त्याच्या वेगाला आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस गगनबावडा येथे वर्षाला ५,००० मिमी. च्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेकडील शिरोळ भागात तो त्याच्या सु. एक दशांश असतो. परंतु घाटमाथ्यावरील पावसाचा मोठा भाग दिवसेंदिवस चालणाऱ्या संततधारेचा असतो. अशा पावसात चांगल्या रीतीने बसविलेल्या तबकडीचे ग्रहण बहुधा टिकून राहते. एप्रिल-मे महिन्यांत पूर्व भागात कोसळणारा वळीव अल्पकाळच टिकतो. पण त्याचा वेग इतका असतो, की काही मिनिटे संकेत पूर्णपणे नाहीसा होतो.

परिसरातील अडथळे : आयनांबराचा परिणाम कमी कंप्रतेला आणि पावसाचा परिणाम अधिक कंप्रतेला जाचक असल्यामुळे, लहान ग्राहींसाठी १ ते ३ गिगॅहर्ट्‌झ हा मधला पट्टा सोयीचा ठरतो. परंतु या पट्ट्यातही घन अडथळ्यांपासून सुटका नाही.

उपग्रह डोळ्यांना दिसेल अशी केवळ एक रेषा मोकळी असून भागत नाही. तरंग त्या रेषेभोवतीच्या एका निमुळत्या नळीसारख्या जागेतून येतात. तिला फ्रेनेल विभाग म्हणतात. अडथळा ग्राहीपासून २० मी. अंतरावर असेल, तर १.५ गिगॅहर्ट्‌झच्या संकेतासाठी त्या ठिकाणी रेषेभोवती सु. २ मी. त्रिज्येची जागा मोकळी हवी. ११.५ गिगॅहर्ट्‌झला तेवढ्याच अंतरावर सु. ०.७ मी. पुरते. याउलट लांब तरंग अडथळ्याच्या कडेवरून थोडे वळतात. या विवर्तनामुळे सावलीच्या कडेला ग्रहण एकदम न तुटता क्रमाक्रमाने घटते; तबकडीच्या संकेताची सावली मात्र रेखीव असते.

वृक्षांमुळे होणारे क्षीणन त्यांची जात, पानांची दाटी व ओलावा यांवर अवलंबून असते. १ ते १.५ गिगॅहर्ट्‌झला एका डेरेदार वृक्षामागे सु. १० डेसिबेल घट होऊ शकते. पानगळीनंतर ती कमी होते; तथापि खोड व फांद्या यांचा वाटा मोठा असल्याने निष्पर्ण वृक्षही पारदर्शक ठरत नाही. वड, पिंपळ, आंबा, चिंच यांसारख्या दाट वृक्षांची सावली खोल असते. नारळाच्या झावळ्या वाऱ्याने हलत असल्याने त्यांच्या आड संकेत सतत चढउतार करतो. कोल्हापूर परिसरातील उसाची शेते मात्र वाटतात तितकी अडचणीची नसतात. ३ मी. उंच उसाजवळून जाणाऱ्या मोटारीच्या छतावर, जमिनीपासून १.५ मी. उंचीवर, आकाशक असेल, तर ५०° उन्नतांशावरील उपग्रहासाठी ऊस आकाशकापासून सु. सव्वा मीटरच्या आत आला तरच आड येतो.

घराच्या आत संकेत किती पोहोचतो हे छपरावर अवलंबून असते. लोखंडी पत्रा जवळजवळ सर्व संकेत परावर्तित करतो. लोखंडी सळ्यांचे काँक्रीट संकेताचा मोठा भाग अडविते. कोरडी मंगळुरी कौले त्या मानाने बरीच पारगम्य असतात. पावसात भिजल्यावर त्यांतील पाण्यामुळे क्षीणन वाढते. म्हणूनच वर्ल्डस्पेसचे ग्राही घरात ऐकण्यासाठी आकाशक पूर्व-आग्नेयेच्या खिडकीत ठेवणे किंवा तारेने जोडून गच्चीवर बसविणे आवश्यक असे.

परावर्तन हा आणखी एक परिणाम होय. भिंत, पत्रा किंवा पाण्याचा पृष्ठभाग यांवरून परावर्तित झालेला तरंग थेट तरंगापेक्षा किंचित उशिरा पोहोचतो आणि त्याच्यात मिसळून संकेत वाढवितो किंवा घटवितो. रंकाळ्यासारख्या तलावाच्या पश्चिम काठावर उभे राहिल्यास उपग्रहाची दिशा पाण्यावरून जाते व असे परावर्तन संभवते. तथापि उपग्रह उंचावर असल्याने परावर्तित तरंग आकाशकाकडे खालून येतो आणि परावर्तनात वर्तुळी ध्रुवणाची दिशा उलटते. या दोन्ही कारणांनी चांगला आकाशक त्याला बव्हंशी नाकारतो.

स्थिर ग्रहण : स्थिर ग्राहीला एक मोठी सोय असते. त्याचा आकाशक एकदा योग्य जागी बसविला, की तो एकाच दिशेकडे रोखून ठेवता येतो. ६० सेंमी. व्यासाची तबकडी ११.५ गिगॅहर्ट्‌झला संकेत सु. ३,००० पट एकवटते. परंतु तिचे दृष्टिक्षेत्र जेमतेम ३° असते. वाऱ्याने तिचा खांब थोडा कलला, तरी ग्रहण बिघडते. अडथळा आढळल्यास आकाशक एक-दोन मीटर बाजूला सरकविणे पुष्कळदा पुरेसे होते. मात्र जागा निवडताना पुढील काही वर्षांत वाढणारे झाड व शेजारी उठणारा मजला यांचाही विचार करावा लागतो. मार्चच्या मध्यास व सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य काही दिवस उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. त्या वेळी सूर्याच्या रेडिओ प्रारणाने ग्रहण दिवसातून काही मिनिटे खंडित होते. यावर उपाय नाही.

चल ग्रहण : धावत्या वाहनातील आकाशक सतत दिशा बदलत असल्याने त्याला जवळजवळ सर्व आकाशाकडे पाहावे लागते. साहजिकच तो संकेत फारसा एकवटू शकत नाही आणि ग्रहणासाठी राखीव शक्ती थोडीच उरते. मोकळ्या माळावर थेट तरंग प्रबळ असतो व परिसरातून विखुरलेले तरंग त्यात किरकोळ चढउतार घडवितात. थेट तरंग अडला, की विखुरलेल्या तरंगांवरच भिस्त राहते. ते कधी एकमेकांत मिळतात, कधी एकमेकांना छेद देतात. २० सेंमी. तरंगलांबीला ही स्थिती सु. १० सेंमी. अंतरागणिक बदलते, ताशी ६० किमी. वेगाने जाणाऱ्या वाहनात सेकंदाला शंभराहून अधिक चढउतार होऊ शकतात.

अंकीय प्रसारणात आवाज हळूहळू क्षीण होत नाही. संकेत ठराविक मर्यादेच्या वर असेतो तो स्वच्छ येतो व मर्यादेखाली गेल्याबरोबर बंद पडतो. यावर कालविभाजनाचा उपाय करतात. एकाच क्षणाचा मजकूर काही सेकंदांत विखरून पाठविला किंवा तोच मजकूर काही सेकंदांनी पुन्हा पाठविला, म्हणजे मधला थोडा भाग हरवला तरी ग्राही तो पुन्हा जुळवू शकतो. ८ मी. रुंद वृक्षाची सावली ताशी ६० किमी. वेगाने सु. अर्ध्या सेकंदात ओलांडली जाते, म्हणून ती श्रोत्याला जाणवतही नाही. तेच वाहन त्याच झाडाखाली थांबले, तर ग्रहण बंद पडते. महाद्वार रस्त्यासारख्या दाटीच्या भागात वाहनाची गती कमी व इमारतींची सावली लांब असते. तेथे हा उपाय अपुरा ठरतो.

घाटरस्त्यांवर अडचण सर्वांत अधिक असते. आंबा, करूळ, भुईबावडा व फोंडा हे घाट सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून कोकणात उतरतात. साहजिकच डोंगराची भिंत बव्हंशी पूर्वेस, म्हणजे उपग्रहाच्याच बाजूस, येते. रस्त्याच्या पूर्वेस १५ मी. अंतरावर ३० मी. उंचीचा दक्षिणोत्तर कडा असेल, तर १०५° पू. वरील उपग्रह त्याच्या आड जातो, ८३° पू. वरील उपग्रह अधिक उंच व दक्षिणेकडे असल्याने दिसत राहतो. घाटातील सावली मिनिटामिनिटांची असल्याने कालविभाजनाने ती भरून निघत नाही. अमेरिकेतील सेवांनी शहरांत तोच कार्यक्रम पुन्हा प्रसारित करणारी जमिनीवरील केंद्रे उभारून हा प्रश्न सोडविला. भारतात वर्ल्डस्पेसची सेवा असे जाळे उभे राहण्यापूर्वीच बंद झाली आणि ती मुख्यतः स्थिर ग्रहणापुरतीच राहिली.

महत्त्व : हा विषय केवळ करमणुकीपुरता मर्यादित नाही. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मधील महापुरांत पंचगंगेच्या पाण्याने कोल्हापूरचा मोठा भाग वेढला गेला आणि पुणे-बंगळूर महामार्गावरील वाहतूक खंडित झाली. अशा वेळी जमिनीवरील मनोरे त्यांच्या वीजपुरवठ्यावर अवलंबून असतात. उपग्रहाचे प्रेषण पुराच्या आवाक्याबाहेर असते आणि ते ग्रहण करण्यास विजेरीवर चालणारा ग्राही व आकाशाचा एक मोकळा तुकडा एवढे पुरते. परंतु हा तुकडा सर्वांना सारखा मिळत नाही. घाटातील वाड्यावस्त्या जमिनीवरील प्रक्षेपणाच्या सावलीत असतात आणि अनेकदा उपग्रहाच्याही सावलीत असतात. म्हणून एखादी उपग्रह सेवा देशभर पोहोचते असे म्हणताना, उपग्रहाच्या शलाकेने व्यापलेले क्षेत्र आणि प्रत्यक्ष ग्रहण होणारे क्षेत्र यांत भेद करणे आवश्यक ठरते. पहिले क्षेत्र नकाशावर काढता येते. दुसरे प्रत्येक घर, वळण व झाड यांनी ठरते आणि जागेवर जाऊन मोजावे लागते.